मागणी नेमकी कुणाची? पोटप्रक्रियांमध्ये हरवलेलं नाव शोधताना

13 मे 2025, मंगळवार. आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुट्टी, त्यामुळे मेलबॉक्स तुंबलेला. त्यात अकाउंट्सचा एक मेल होता: ऑडिटरांकडे आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करणाऱ्या मुलाला जानेवारी ते मार्च या तिमाहीतल्या 25 पीओंची, म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या खरेदी ऑर्डरींची, यादी हवी आहे, प्रत्येकापुढे दोन नावं. मागणी कुणी टाकली आणि मंजुरी कुणी दिली.

रिपोर्ट तयारच होता. मी तो चालवला, एक्सेल जोडली, मेल पाठवला आणि चहाला गेले. एकूण वीस मिनिटं लागली असतील. परत येते तोवर टेबलावरचा फोन वाजत होता.

"मॅडम, नऊ पीओंमध्ये मागणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस दिसतोय. आणि सहा ठिकाणी मागणाऱ्याचं नावच नाही."

पोटात गोळा आला. खरेदीच्या व्यवहारात स्वतःच मागायचं आणि स्वतःच मंजूर करायचं म्हणजे काय, हे सांगायला ऑडिटर लागत नाही. आणि त्या नऊ नावांमध्ये आमच्या प्लांट हेडचंही नाव होतं.

तिथून पुढचे दोन महिने या एकाच प्रश्नात गेले. त्या वेळी मी खूप शोधाशोध केली, पण तुकड्यातुकड्यांत माहिती मिळाली, सलग कुणी सांगितलेलं सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे एका प्रक्रियेच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी अशी रचना आहे, त्यांना यातलं थोडं तरी उपयोगी पडेल.

आधी आमची रचना सांगते. कंपनी चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. खरेदीची मागणी आम्ही जानेवारी 2024 पासून कॅमुंडा 7 वर चालवतो. कॅमुंडा म्हणजे बर्लिनच्या कंपनीचं वर्कफ्लो इंजिन, कामाच्या पायऱ्या ठरल्या क्रमाने पुढे नेणारं सॉफ्टवेअर; 2013 मध्ये ते ॲक्टिव्हिटी (Activiti) नावाच्या जुन्या इंजिनापासून वेगळं झालं. बीपीएमएन या पायऱ्या चित्रात मांडण्याच्या प्रमाण पद्धतीची आकृती काढायची आणि इंजिन तीच आकृती चालवतं. आमची मुख्य आकृती "खरेदी मागणी". तिच्यातून "बजेट तपासणी", "मंजुरी" आणि "पीओ तयार करणे" या वेगळ्या प्रक्रिया कॉल ॲक्टिव्हिटीने, म्हणजे दुसरी आकृती सुरू करणाऱ्या पायरीने, बोलावल्या जातात. मंजुरीच्या आत पुरवठादार नवा असेल तर "पुरवठादार नोंदणी", आणि तिच्या आत कागदपत्रं तपासणारी आणखी एक. म्हणजे चार मजले.

दुपारी डेटाबेस उघडला. इंजिन प्रत्येक चालू झालेल्या प्रक्रियेची एक ओळ इतिहासाच्या टेबलात लिहितं आणि तिथे "स्टार्ट युजर आयडी" नावाचा रकाना असतो. आमचा रिपोर्ट "पीओ तयार करणे" या पोटप्रक्रियेच्या ओळीतून तो रकाना उचलत होता. रिपोर्ट मीच लिहिलेला. लिहिताना माझ्या डोक्यात साधा हिशेब होता, की "स्टार्ट युजर" म्हणजे ज्याने हे सगळं सुरू केलं तो.

तसं नसतं. इंजिनाच्या दृष्टीने पोटप्रक्रिया ही स्वतंत्र प्रक्रिया असते. ती सुरू होते त्या क्षणी त्या थ्रेडवर (सर्व्हरच्या ज्या धाग्यावर ते काम चालू असतं त्यावर) जो लॉगिन असेल, त्याचं नाव त्या ओळीत जातं. पंचवीस हजारांच्या खालच्या मागणीला आमच्याकडे मंजुरी लागत नाही; मागणाऱ्याने बटण दाबलं की त्याच झटक्यात पीओची पोटप्रक्रिया सुरू होते, म्हणून तिथे नाव बरोबर. अशा आठ ओळी होत्या. त्यावरच्या रकमेला मंजुरी लागते. साहेबांनी "मंजूर" दाबलं, टास्क पूर्ण झाला, त्याच धक्क्याने पुढची पोटप्रक्रिया सुरू झाली, आणि सुरू करणारा म्हणून साहेबांचं नाव लागलं. या त्या नऊ ओळी. आणि जिथे मध्ये बजेट तपासणी ईआरपीला, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि खरेदी सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरला, विचारायला जाते, तिथे आम्ही "असिंक्रोनस" खूण केलेली होती. म्हणजे काम रांगेत पडतं आणि नंतर इंजिनाचा जॉब एक्झिक्युटर ते उचलतो. त्या पार्श्वभूमीच्या थ्रेडवर कुणीच लॉगिन नसतं. म्हणून रकाना रिकामा.

इथे इंजिनाला बोल लावायला जागा नाही. हे सगळं त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

तातडीचा उपाय सापडायला मात्र फार वेळ लागला नाही. त्याच टेबलात दोन रकाने आणखी असतात: ही प्रक्रिया कुणी बोलावली ते सांगणारा "सुपर प्रोसेस", आणि 7.10 या आवृत्तीपासून आलेला "रूट", म्हणजे सगळ्यात वरची मूळ प्रक्रिया. सुपरची शिडी एकेक पायरी चढत बसण्याची गरज नाही. सरळ रूटची ओळ काढायची आणि तिचा स्टार्ट युजर घ्यायचा. मी त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला क्वेरी बदलली. 25 पैकी 21 नावं बरोबर आली. प्लांट हेड त्यातून सुटले. मीही सुटले असं वाटलं.

उरलेल्या चार ओळींनी मला महिनाभर झोपू दिलं नाही.

त्यातल्या दोन ओळींत रूटलाही नाव नव्हतं. दोन दिवस आकृत्या चाळल्यावर कळलं, की या मागण्या पुरवठादारांच्या पोर्टलवरून आलेल्या दुरुस्त्या होत्या. मूळ मागणी झाल्यावर पुरवठादाराने दर बदलून पाठवला, पोर्टलने इंजिनाला मेसेज धाडला आणि त्या मेसेजने नवी प्रक्रिया सुरू केली. कॉल ॲक्टिव्हिटीने बोलावलेल्या प्रक्रियेचं वरच्याशी नातं राहतं, मेसेजने सुरू झालेली प्रक्रिया स्वतःच रूट बनते. तिचं आधीच्या मागणीशी नातं इंजिनाला ठाऊक नसतं. आमच्या नशिबाने बिझनेस की (प्रक्रियेला आपण लावलेला ओळखीचा क्रमांक) दोन्हीकडे तोच मागणी क्रमांक होता, म्हणून हाताने जोडता आलं. तुमच्याकडे बिझनेस की नसेल तर आजच लावा. आणि हेही लक्षात ठेवा, की कॉल ॲक्टिव्हिटीतून ती आपोआप खाली उतरत नाही, तिचंही मॅपिंग, म्हणजे काय खाली पाठवायचं ते, वेगळं लिहावं लागतं.

राहिलेल्या दोन ओळींत नाव होतं, पण भलत्याच माणसाचं. मेंटेनन्सच्या बेअरिंगची मागणी, आणि सुरू करणारी म्हणून कँटीन बघणाऱ्या एचआरच्या मुलीचं नाव. तिने आयुष्यात बेअरिंग मागवलं नसेल. ती घाबरून माझ्याकडे आली, "ताई, मी खरंच काही केलं नाही."

हे कोडं सुटायला नऊ दिवस गेले. इंजिनाला "आता हा माणूस लॉगिन आहे" हे आपण सांगतो, आणि ते त्या थ्रेडला चिकटून राहतं. काम झालं की ते पुसायचं असतं. आमच्या मोबाइल ॲपसाठी लिहिलेल्या कोडमध्ये पुसण्याची ओळ होती, पण चूक झाली तर मधूनच बाहेर पडणारी एक वाटही होती, आणि त्या वाटेवर पुसणं राहून गेलं होतं. सर्व्हरचे थ्रेड पुन्हापुन्हा वापरले जातात. एचआरच्या मुलीची विनंती अर्ध्यात फसली, तिचं नाव थ्रेडवर राहिलं, आणि पुढची विनंती स्टोअरच्या बारकोड मशीनवरून आली. ती विनंती स्वतःचं नाव सांगतच नसे, त्यामुळे थ्रेडवर उरलेलं एचआरच्या मुलीचं नाव त्या विनंतीला लागलं. दुरुस्ती म्हणाल तर पुसण्याची ओळ "फायनली" मध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या कोडच्या भागात, हलवली, एवढीच. पण रिकामा रकाना निदान "मला माहीत नाही" असं सांगतो. भलतं नाव ठामपणे खोटं बोलतं. तुम्ही तपासायला बसाल तेव्हा रिकाम्या ओळींआधी भरलेल्या ओळी तपासा, हा माझा सल्ला.

हे चालू असताना 19 मे रोजी दुसरी मागणी आली. आता पूर्ण आर्थिक वर्षातल्या 60 पीओ. मी आत्मविश्वासाने नवी क्वेरी चालवली आणि एप्रिल ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या पीओंपुढे काहीच आलं नाही. या वेळी रकाना रिकामा नव्हता, ओळच गायब होती.

इतिहास किती दिवस ठेवायचा याचा आकडा प्रत्येक आकृतीत असतो. आमच्यात तो 180 होता. तो कुणी विचार करून टाकलेला नव्हता. आकृती काढायच्या साधनात नवं पान उघडलं की तो भरून येतो, आम्ही तसाच राहू दिला. आणि डेटाबेस फुगतो म्हणून रात्री 1 ते 4 सफाईची वेळ लावून ठेवणारेही आम्हीच. पोटप्रक्रियांची मुदत रूटवरून ठरते, त्यामुळे मागणी संपून 180 दिवस झाले की अख्खं कुटुंबच साफ.

यावर फायनान्सच्या साहेबांकडे बैठक झाली. कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण मला तो तोवर नीट ठाऊक नव्हता. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत अशी तरतूद आहे, की 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी सोय असली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, आणि ऑडिटरने आपल्या अहवालात त्यावर लिहायचं असतं. तो माग जपून ठेवला का, हेही. कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळायची. मी म्हटलं, "सर, पण वर्कफ्लो इंजिन म्हणजे काही हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्हे." साहेब शांतपणे म्हणाले, "नसेल. पण ईआरपीत पीओ बनवणाऱ्याच्या जागी 'वर्कफ्लो सर्व्हिस' असं लिहून येतं. मग खरा माणूस कुठे शोधायचा ते तुम्हीच सांगा."

त्यांचं बरोबर होतं. मी इतके दिवस रिपोर्ट दुरुस्त करत होते. नाव मुळात ईआरपीपर्यंत पोचतच नव्हतं.

जुन्या ओळींसाठी बॅकअप काढायचे ठरले. रोजचे बॅकअप आमच्याकडे 35 दिवसच राहतात. जास्त काळ फक्त सहामाही ठेवतो, 30 सप्टेंबर आणि 31 मार्चचे. सर्व्हर सांभाळणाऱ्या इन्फ्राच्या टीमला 20 मे रोजी तिकीट टाकलं, 28 मे रोजी बॅकअप हाती आले. क्लाउडवर तात्पुरतं मशीन घेऊन दोन्ही उभे केले, त्याचं बिल 4,300 रुपये झालं. सप्टेंबरच्या बॅकअपमध्ये एप्रिलपासूनच्या मागण्या मिळाल्या. मार्चच्या बॅकअपमध्ये 180 दिवस मागे जाऊन 2 ऑक्टोबरपासूनच्या. कागदावर हिशेब मांडला तर मध्ये एक दिवस निसटत होता: 1 ऑक्टोबर 2024. त्या दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपलेल्या मागण्या जगातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये उरल्या नव्हत्या. ईआरपीत तशा तीन पीओ सापडल्या: ड्रिल बिट, ग्रीस आणि कॉटन वेस्ट. तिन्ही मिळून चाळीस हजारांच्या आतल्या, आणि तिन्ही ऑडिटरांच्या नमुन्यात नव्हत्या. पण मला त्या सलत राहिल्या.

स्टोअरमध्ये गेले. आमचे स्टोअरकीपर काका निवृत्तीला आलेले, संगणकावर त्यांचा फारसा विश्वास नाही. त्यांना अडचण सांगितली. त्यांनी न बोलता कपाटातून एक लांबट रजिस्टर काढलं. माल घेऊन जाणाऱ्याची सही ते अजूनही हातानेच घेतात, आणि शेजारी "मागणी कुणाची" असा रकाना त्यांनी पट्टीने आखलेला. 1 ऑक्टोबरचं पान उघडलं. तिन्ही नावं होती.

"पूर्वी इंडेंट बुक, मागणीचं पुस्तक, असायचं," काका म्हणाले, "पांढरं, गुलाबी, पिवळं पान. कार्बन घातला की सही तिन्ही पानांवर उतरायची. पण दुसऱ्या बुकात नोंद करायची तर कार्बन चालत नाही. तिथे मागच्या बुकाचा नंबर आणि माणसाचं नाव हातानेच लिहावं लागायचं. कारकून विसरला की बोंब."

मी आठ महिने कोड लिहून जे समजले नव्हते ते त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं. कॉल ॲक्टिव्हिटी म्हणजे दुसरं बुक. असिंक्रोनस म्हणजे दुसऱ्या दिवशीचा कारकून. नाव प्रत्येक ठिकाणी हाताने लिहायला हवं.

तिथून पुढचं काम सरळ होईल असं वाटलं, झालं नाही. आमच्यापैकी कुणी इंजिनाच्या इतक्या आत गेलं नव्हतं, म्हणून दोन दिवसांसाठी बाहेरचा एक सल्लागार बोलवायचं ठरलं, दिवसाचे 18,000 रुपये. त्यासाठी मी आमच्याच सिस्टिममध्ये मागणी टाकली. ती मंजूर होऊन पीओ निघाली, आणि जुन्या रिपोर्टप्रमाणे मागणी करणारा कोण, तर माझे मॅनेजर. ते चित्र मी छापून टेबलावर चिकटवलं.

6 आणि 7 जूनला सल्लागार आले. पहिल्या तासात त्यांनी आमच्या सगळ्या कॉल ॲक्टिव्हिटींचं मॅपिंग फळ्यावर मांडलं. पोटप्रक्रियेत काय पाठवायचं ते "इन" मध्ये लिहायचं, परत काय घ्यायचं ते "आउट" मध्ये. लिहिलं नाही तर काहीच जात नाही. आमच्याकडे काही ठिकाणी नेमकी व्हेरिएबलं (प्रक्रियेसोबत फिरणाऱ्या माहितीचे कप्पे) लिहिलेली, काही ठिकाणी कंटाळून "सगळं". "इन" मध्ये सगळं पाठवणं फार तर पसारा करतं. पण "आउट" मध्ये सगळं परत घेणं धोक्याचं. आमच्या पुरवठादार नोंदणीत "अर्जदार" नावाचं व्हेरिएबल होतं, त्यात पुरवठादाराकडच्या माणसाचं नाव. मुख्य मागणीतही "अर्जदार" होतं, त्यात आमच्या कर्मचाऱ्याचं. नोंदणी संपली की खालचं वर येऊन आपल्या माणसावर बसायचं. "मागणी परत पाठवली" असे मेल मधूनच पुरवठादारांना का जातात, याचं उत्तर मला एक वर्षाने मिळालं. त्या मेलबद्दलचं तिकीट आम्ही "पुन्हा घडल्यास बघू" असं लिहून बंद केलेलं होतं.

मग रचना ठरली. मूळ मागणाऱ्यासाठी एकच व्हेरिएबल, आमच्या स्वतःच्या नावाचं, "मूळ कर्मचारी". ते फक्त रूट सुरू होताना भरायचं आणि नंतर कुणीही बदलायचं नाही. ते खाली पोचवण्यासाठी प्रत्येक आकृतीत मॅपिंगची ओळ लिहावी असं माझं म्हणणं होतं, कारण ती डोळ्यांना दिसते. सल्लागारांचं म्हणणं, "मॅडम, आज चौदा कॉल ॲक्टिव्हिटी आहेत, पुढच्या वर्षी तीस होतील. एक तरी विसरणारच." त्यांनी पार्स लिसनर सुचवला. इंजिन आकृती वाचतं तेव्हा हा प्लगिन प्रत्येक प्रक्रियेच्या सुरुवातीला एक छोटं काम गुपचूप जोडतो: वर कुणी बोलावणारं आहे का बघ, असेल तर त्याच्याकडून "मूळ कर्मचारी" घे, नसेल तर लॉगिन माणसाचा घे, तोही नसेल तर सुरूच होऊ नको, चूक दाखव. शेवटचा भाग माझा. रिकामं नाव घेऊन पुढे जाण्यापेक्षा दारातच अडलेलं बरं. यावर खरेदी विभागाशी भांडण झालं, कारण दारात अडणं म्हणजे उत्पादनाची लाइन थांबण्याची भीती. शेवटी रिकाम्या नावाची मागणी वेगळ्या रांगेत जाऊन माझ्या टीमकडे येईल, असा तोडगा निघाला.

प्लगिनचा एक फायदा आम्हाला आधी कळला नव्हता. आकृत्या पुन्हा चढवाव्या लागत नाहीत. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की इंजिन जुन्या आवृत्त्याही नव्याने वाचतं आणि लिसनर त्यांनाही लागतो. पण ज्या मागण्या आधीच चालू आहेत, त्यांची सुरुवात होऊन गेलेली असते. त्यांच्या पोटातून उद्या नवी पोटप्रक्रिया निघाली की ती वर नाव मागेल आणि वर ते नसेल. आमच्या अशा 340 मागण्या होत्या. प्रत्येकीच्या रूटवरून नाव काढून रूटला आणि चालू असलेल्या सगळ्या पोटप्रक्रियांना भरणारी एक स्क्रिप्ट लिहिली. ती चाचणीच्या सर्व्हरवर तीनदा चालवली, तिसऱ्यांदा नीट चालली.

कुणाचं नाव मूळ धरायचं, या वादात मात्र कोडपेक्षा जास्त वेळ गेला. डायरेक्टरांच्या सेक्रेटरी त्यांच्या वतीने मागणी टाकतात. मग मागणी कुणाची? आम्ही दोन रकाने केले, "टाकणारा" आणि "कुणासाठी". दर महिन्याच्या देखभाल कराराची मागणी टायमरने आपोआप निघते. तिला माणूसच नाही. तिथे "वेळापत्रक" असं लिहायचं ठरलं. आणि आयडीचा घोळ तर वेगळाच. आमचे लॉगिन आयडी आद्याक्षर आणि आडनाव असे बनतात, आणि माणूस सोडून गेला की तोच आयडी त्याच आडनावाच्या नव्या माणसाला मिळालेला दोनदा आढळला. म्हणजे 2024 मधल्या मागण्या 2025 मध्ये रुजू झालेल्या मुलाच्या नावावर. तेव्हापासून व्हेरिएबलमध्ये लॉगिन नाही, कर्मचारी क्रमांक जातो. क्रमांक आम्ही पुन्हा वापरत नाही.

इतिहासाची मुदत आठ वर्षं करावी असा एक सूर होता. मी विरोध केला. इंजिनाचा इतिहास प्रत्येक व्हेरिएबलचा प्रत्येक बदल साठवतो, तो आठ वर्षं ओढण्यात अर्थ नाही. शिवाय कॅमुंडा 7 च्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तीचं ऑक्टोबर 2025 मधलं 7.24 हे शेवटचं प्रकाशन असणार, हे तेव्हाच जाहीर होतं. म्हणजे दोनतीन वर्षांत आम्हाला इंजिन बदलावंच लागणार. म्हणून आमचं स्वतःचं एक छोटं टेबल केलं: मागणी क्रमांक, रूट आयडी, टाकणाऱ्याचा आणि ज्याच्यासाठी टाकली त्याचा कर्मचारी क्रमांक, तारीख, वेळ. त्यात फक्त ओळ घालता येते, बदलायचा आणि पुसायचा अधिकार ॲप्लिकेशनच्या खात्याला दिलेलाच नाही. इंजिनाची मुदत 400 दिवस केली. ईआरपीला जाणाऱ्या निरोपात कर्मचारी क्रमांक जोडला. ईआरपीच्या बाजूला त्यासाठी एक रकाना वाढवायला त्यांच्या लोकांनी अकरा दिवस घेतले. काम अर्ध्या तासाचं होतं.

बदल चढवायचा दिवस आधी शनिवार 21 जून ठरला होता. 19 जूनला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान, त्या आठवड्यात चाकण–आळंदी परिसरात गाडी घेऊन वेळेवर पोचणं अवघड, आणि टीममधले दोघं पुण्यापर्यंत वारीत चालणार होते. चेंज कमिटीने 28 जून दिला. मला आठवडा वाढल्याचा आनंद झाला, कारण टायमरने निघणारी मागणी चाचणीत अजून फसत होती. पार्श्वभूमीवर लॉगिन नसतं हे ठाऊक असून मी तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारत होते.

28 तारखेला सकाळी सातला बसलो. पाऊस. सर्व्हर बंद, प्लगिन चढवला, सर्व्हर चालू, स्क्रिप्ट चालवली. 340 पैकी 337 भरल्या. उरलेल्या तीन पोर्टलवरून आलेल्या, त्या हाताने भरल्या. दुपारी दीडला काकांना फोन केला आणि त्यांनी स्टोअरमधून हँडग्लोव्हजची एक खोटी मागणी टाकली. मंजुरी, नवा पुरवठादार, कागदपत्रं, पीओ, सगळे मजले पार करून ती ईआरपीत पोचली. तिथे काकांचा क्रमांक होता. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? मीच टाकली ना?"

ऑडिटरांना अंतिम यादी 3 जुलैला दिली. सोबत दोन पानी टिपण जोडलं: पहिल्या यादीत काय चुकलं, का चुकलं, बॅकअपमधून नावं कशी काढली. टिपण देऊ नये, उगाच प्रश्न वाढतील, असं दोघातिघांचं मत होतं. मी दिलं, आणि प्रश्न कमीच आले. रजिस्टरच्या 1 ऑक्टोबरच्या पानाची झेरॉक्सही जोडली, नमुन्यात नसूनही. एचआरच्या मुलीला बेअरिंगचा उलगडा समोर बसवून सांगितला. तिला थ्रेड वगैरे कळलं नसेल, पण तिचा जीव भांड्यात पडला.

एकूण खर्च: सल्लागाराचे 36,000 आणि त्यावर जीएसटी, क्लाउडचे 4,300, आणि आम्हा चौघांचे सात शनिवार.

नोव्हेंबरमध्ये सहामाही तपासणीला तोच आर्टिकलचा मुलगा आला. मी 40 पीओंची यादी दिली, प्रत्येक ओळीत क्रमांक आणि नाव. तो एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेला, टिक करत गेला. सव्विसाव्या ओळीवर थांबला.

"मॅडम, हे वेळापत्रक कोणत्या डिपार्टमेंटचे? यांचा कर्मचारी क्रमांक दिसत नाही."

त्या संध्याकाळी मी आणखी एक रकाना वाढवला: वेळापत्रक लावणारा.